डॉ. टी. आओ : खेळाडू आणि वैद्य

मुलगा खेळाच्या नादी लागला की शिक्षण बुडाले, अशी आपल्याकडील पालकांची पक्की समजूत असते. यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही गावी जा, शाळेच्या मैदानावर सायंकाळी चेंडूमागे धावणारी मुले दिसतात आणि त्यांना घरी बोलावून नेणारे वडीलही दिसतात. अशा पालकांना व मुलांना मी नेहमी डॉ. टी. आओ यांची हकिकत सांगतो.

तालिमेरेन आओ यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी नागा टेकड्यांतील चांगकी या खेड्यात झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. बारा भावंडांचे हे कुटुंब. चिंध्यांच्या चेंडूवरच तालिमेरेन यांनी फुटबॉलचे पहिले धडे गिरवले. १९३५ मध्ये वडील विषमज्वराने गेले. मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा होती. मुलाने ती शिरोधार्य मानली.

गुवाहाटीच्या कॉटन महाविद्यालयात शिकत असताना ते तेथील महाराणा क्लबकडून खेळले. १९४२ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी मोहन बागान या नामवंत क्लबाने त्यांना आपल्या संघात घेतले. पूर्वी ते आघाडीला खेळत, तेथे ते बचावपटू झाले. बचावपटूच्या वाट्याला गोल केल्याच्या टाळ्या क्वचितच येतात. गोल होऊ न देणे हेच त्याचे काम. तेच काम चोख करीत ते संघाचे कर्णधार झाले. दिवसा वर्ग, सायंकाळी मैदान आणि रात्री पुस्तके, असा त्यांचा दिनक्रम होता.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. उद्घाटनाच्या संचलनात राष्ट्रध्वजही त्यांच्याच हाती होता. ३१ जुलैला फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. बंगालचे शैलेन मन्ना, बंगलोरचे अहमद खान व रामन असे निरनिराळ्या प्रांतांचे व धर्मांचे गडी नागा कर्णधाराच्या हाताखाली एकदिलाने लढले. फ्रान्सचा एक गोल रामन यांनी फेडला. परंतु आपल्याला मिळालेल्या दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी शेवटी फ्रान्सने दुसरा गोल करून सामना २–१ असा जिंकला.

पुढची गोष्ट मला ह्या सामन्याहून मोठी वाटते. लंडनच्या आर्सेनल क्लबाने त्यांना एक वर्षाच्या कराराने खेळण्यास बोलावले, असे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये फुटबॉल हा पगारी व्यवसाय होता, आपल्याकडे तो तेव्हा हौसेचाच खेळ होता. पैसा आणि कीर्ती दोन्ही समोर असता तीस वर्षांच्या ह्या तरुणाने नकार दिला; कारण वैद्यकीचे शिक्षण अपुरे होते आणि वडिलांचा शब्द राहिला होता. ते परत आले आणि १९५० मध्ये एम.बी.बी.एस. झाले.

दिब्रुगड येथे काही काळ काम करून ते कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात रुजू झाले. नागालँड राज्य झाल्यावर आरोग्यसेवा संचालकपदापर्यंत ते पोहोचले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. २०१८ साली, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

विद्यार्थीमित्रांनो, खेळ सोडा असे आओ यांचे चरित्र सांगत नाही, आणि पुस्तके मिटा असेही सांगत नाही. आणि पालकांनो, मुलाच्या हातातील चेंडू काढून घेण्याआधी त्याच्याकडून फक्त अभ्यासाचा शब्द घ्या. आओ यांनी वडिलांची इच्छा पुरी केली, आणि त्यासाठी त्यांना मैदान सोडावे लागले नाही.