उशिरा जागे झालेले मन

न्यूटन म्हटले की गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारा शास्त्रज्ञ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याच्यामागून इंग्लंडमध्येच होऊन गेलेला दुसरा एक न्यूटन आपल्याकडे फारसा परिचित नाही. त्याने रचलेले ‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र मात्र जगभर गायिले जाते. हा जॉन न्यूटन गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता आणि पुढे धर्मोपदेशक झाला. भर समुद्रात वादळ झाले, त्याला ईश्वराची आठवण झाली, त्याने पापाचा धंदा सोडला आणि ते स्तोत्र लिहिले, अशी त्याची कथा सांगितली जाते. कथा मनोहर आहे, परंतु खरी नाही. खरी हकीकत अधिक अस्वस्थ करणारी आहे आणि म्हणूनच ती समजून घेण्याजोगी आहे.

जॉन न्यूटनचा जन्म १७२५ साली लंडन येथे झाला. आई धर्मनिष्ठ होती. परंतु मुलाला सात वर्षे पुरी होण्यापूर्वीच ती क्षयाने वारली. वडील व्यापारी जहाजावर कप्तान होते. अकराव्या वर्षी मुलगा त्यांच्याबरोबर समुद्रावर गेला. १७४४ मध्ये त्याला सक्तीने आरमारात भरती करण्यात आले. तो पळाला, पकडला गेला आणि त्याने फटके खाल्ले. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या पदरी तो राहिला. तेथे आजार, उपासमार आणि मानहानी यांमुळे त्याची दशा गुलामाहून फारशी वेगळी उरली नाही. दुसऱ्याच्या मर्जीवर जगणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतःच्या देहावर सोसले, तो इतरांच्या बेड्या पाहून कळवळेल अशी आपली अपेक्षा असते. ती फोल ठरली.

मार्च १७४८ मध्ये मायदेशी परतताना त्याचे ‘ग्रेहाउंड’ जहाज उत्तर अटलांटिक महासागरात वादळात सापडले. मरणाच्या छायेत त्याने ईश्वराचा धावा केला. मोडकेतोडके जहाज कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. एक शिवराळ आणि नास्तिक खलाशी श्रद्धावान झाला, येथपर्यंत लोकप्रिय कथा बरोबर आहे. परंतु त्याच वर्षी तो गुलामांच्या जहाजावर अधिकारी म्हणून पुन्हा निघाला आणि १७५० ते १७५४ या काळात कप्तान या नात्याने त्याने तीन सफरी केल्या. लिव्हरपूलहून माल न्यायचा, तो देऊन आफ्रिकेत माणसे घ्यायची आणि ती वेस्ट इंडीजमध्ये विकायची, असा हा व्यापार होता. खाली तळात माणसे बेड्यांत जखडलेली असत आणि वर कप्तान खलाशांसह रविवारची प्रार्थना करी. पत्नीला तो अत्यंत हळुवार पत्रे लिही. त्याच्याच रोजनिशीत मेलेल्या गुलामांची नोंद क्रमांकाने केलेली आहे, आणि बंडाचा संशय येताच काही मुलांचे अंगठे स्क्रूने आवळल्याचीही नोंद आहे. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला, तो पश्चात्तापाने नव्हे, एकाएकी आलेल्या झटक्यामुळे.

त्याला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तो ढोंगी नव्हता. त्याच्या काळच्या धर्माने त्याला अडविले नव्हते, हे खरे दुखणे आहे. परदेशांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्या अँग्लिकन संस्थेचाच बार्बाडोस बेटावर उसाचा मळा होता आणि त्यावर गुलाम राबत होते. गुलामगिरीचे समर्थक शास्त्राधार देत. अब्राहामाच्या घरी दास होते. मोशेच्या नियमशास्त्राने परकीयांना दास म्हणून विकत घेण्याची मुभा दिली. संत पॉलने ओनेसिमस या दासाला त्याच्या धन्याकडे परत धाडले. नोहाचा शाप कृष्णवर्णीयांच्या माथी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकही त्याच ग्रंथाकडे बोट दाखवीत. सर्व राष्ट्रे एकाच रक्ताची आहेत, ईश्वराने इस्रायलच्या लोकांना मिसरच्या दास्यातून सोडविले, आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच इतरांशी वागावे, असे ते सांगत. ग्रंथ एक आणि निवाडे दोन! तेव्हा केवळ पोथी उघडून हा वाद मिटणे शक्य नव्हते.

न्यूटन १७६४ मध्ये ओल्नी येथे धर्मोपदेशक झाला. त्याच साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्याने आपली अनेक पापे मोजली आहेत. परंतु गुलामांचा व्यापार त्यांत धरलेला नाही. आपण एक प्रकारचे तुरुंगाधिकारी झालो होतो, एवढीच खंत तेथे आहे. १७७३ च्या नववर्षदिनासाठी रचलेल्या त्या विख्यात स्तोत्रातही गुलामांचा उल्लेख नाही.

मन बदलले ते बाहेरच्या हालचालींमुळे. क्वेकर पंथीयांनी या व्यापाराविरुद्ध आवाज उठविला. १७८७ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या समितीच्या बारा सदस्यांपैकी नऊ क्वेकर होते. थॉमस क्लार्कसन बंदरोबंदरी हिंडून पुरावे गोळा करीत होता. १७८५ च्या डिसेंबरात विल्बरफोर्स हा तरुण खासदार न्यूटनकडे सल्ल्यासाठी आला, तेव्हा राजकारण न सोडता तेथेच राहून ईश्वरसेवा करावी, असे न्यूटनने त्याला सुचविले. १७८८ मध्ये, साठी उलटल्यावर, न्यूटनने गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा भर शास्त्रार्थावर नव्हता. आपण काय पाहिले आणि काय केले, हे त्याने सांगितले. आपला कबुलीजबाब फार उशिरा येत असल्याचे मान्य केले. आणि हा धंदा करणाऱ्या खलाशांचीही मने कशी दगड होतात, हे दाखविले. शासनाच्या चौकशीपुढे त्याने साक्ष दिली. पुराव्याच्या त्या लढाईत एका माजी कप्तानाच्या शब्दाला जे वजन होते, ते कोणत्याही प्रवचनाला नव्हते.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटचा गुलाम-व्यापार बंद करणारा कायदा झाला. त्याच वर्षी डिसेंबरात, ८२ वर्षांचा होऊन, न्यूटन मरण पावला. व्यापार थांबला, गुलामगिरी उरली. ती संपविणारा कायदा १८३३ चा. त्याने मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली आणि गुलामांना काहीही दिले नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. हिंदुस्थानासाठी १८४३ साल उजाडावे लागले. पुढे तीस वर्षांनी जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केला, तो धर्माच्या आधाराने लादलेल्या दास्याशी त्यांची इथेच गाठ होती म्हणून.

वादळ आणि पुस्तिका यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे. त्या चाळीस वर्षांत न्यूटन श्रद्धावान होता, प्रेमळ पती होता, लोकप्रिय उपदेशक होता. त्याचा उशिराचा कबुलीजबाब थोरच. पण त्याच्या जहाजांतून विकल्या गेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. आपल्या भक्तीत आणि नेकीच्या नोकरीत आज कोणाच्या बेड्या आपल्या नजरेआड राहत आहेत, हे विचारण्यासाठी आपण चाळीस वर्षे थांबू नये.