सक्करच्या विहिरीपासून मुशीच्या काठापर्यंत

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि भाषणांतून कृष्णराजसागर धरण, भद्रावतीचा लोखंड कारखाना व म्हैसूरचे दिवाणपद यांचा गौरव होतो. म्हैसूरला जाण्यापूर्वी हा माणूस सुमारे २४ वर्षे मुंबई इलाख्याच्या नोकरीत होता, आणि त्यातील बराचसा काळ शहरांना पाणी कसे द्यावे व शहरांतील घाण बाहेर कशी काढावी या विवंचनेत गेला, हे मात्र हार घालणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसते. धरणाचे छायाचित्र काढता येते. गटार जमिनीखाली असते.

मुद्देनहळ्ळी या चिक्कबळ्ळापूरजवळच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांचे छत्र लवकर हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना शिकवण्या करून त्यांनी खर्च भागवला. १८८१ मध्ये पदवी मिळाली आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीने त्यांना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणून सोडले. १८८३ मध्ये ते तेथील अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून ते नाशिकला रुजू झाले. खानदेशातही त्यांनी उमेदवारीची वर्षे काढली.

त्यांची खरी कसोटी लागली ती सिंधमध्ये. सिंधूच्या काठी वसलेल्या सक्कर शहराला पाण्याचा तोटा नव्हता. स्वच्छ पाण्याचा होता. सिंधूचे पाणी गाळाने भरलेले, तपकिरी. ते टेकडीवर चढवून, गाळून शहरात सोडायचे अशी योजना होती. पण गाळणीचे हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीलाच गाळणी बनवले. पात्राशेजारी विहीर खणली. वाळूच्या थरांतून झिरपत येणारे पाणी गाळ मागे ठेवून विहिरीत उतरू लागले. आवक अपुरी पडू लागली तेव्हा विहिरीतून नदीच्या तळाखाली बोगदा काढून ती वाढवली आणि तेथून पाणी पंपाने टेकडीवरील टाकीत नेले. १८९५ मध्ये हे काम पुरे झाले. आज नदीकाठच्या गाळणीची हीच रीत जगभर वापरात आहे. सक्करमध्ये तिचा आश्रय घ्यावा लागला तो मात्र तिजोरी रिकामी होती म्हणून.

सुरतेच्या पाणीपुरवठ्याचे काम आटोपून ते पुण्यात आले ते प्लेगच्या धामधुमीत. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली ही साथ पुढच्या वर्षी पुण्यात थैमान घालत होती. खडकवासल्याच्या तलावातून पाणी शहरापर्यंत येत होते. पण घरात आलेले पाणी वापरून झाल्यावर जाणार कोठे, या प्रश्नाला जुन्या पेठांतील उघड्या मोऱ्यांजवळ उत्तर नव्हते. पाणी आणण्याचे श्रेय घेणारे पुष्कळ असतात, ते बाहेर नेण्याची जबाबदारी घेणारे विरळा. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण हे एकाच कामाचे दोन भाग आहेत, ही दृष्टी विश्वेश्वरय्यांच्या पुढील साऱ्या योजनांत दिसते. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी बसविलेली स्वयंचलित दारे अधिक प्रसिद्ध झाली. पाणी ठराविक पातळीवर चढले की ती आपोआप उघडत आणि ओसरले की मिटत. त्यामुळे भिंत न वाढवता साठा वाढला. या रचनेचे त्यांनी पेटंटही घेतले.

१९०४ मध्ये ते मुंबई सरकारचे स्वच्छता अभियंता झाले. सिंधपासून कर्नाटकापर्यंतच्या शहरांचे पाणी व गटारे त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. आराखडे तयार होत. परंतु नगरपालिकांचे उत्पन्न तुटपुंजे, आणि जमिनीखाली गाडून टाकायच्या नळांवर पैसा खर्च करण्यास सभासद नाखूश. टोपलीच्या संडासांवर शहरे चालत राहिली आणि मैला डोक्यावरून वाहण्यास जुंपलेल्या जातींची त्यातून सुटका झाली नाही. स्वच्छतेची कागदावर राहिलेली योजना नेमकी कोणाला महागात पडते, हे येथे स्पष्ट दिसते.

१९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवण्यात आले. हे बंदर तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. पाऊस जवळजवळ नाहीच. समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने गोडे करून प्यावे लागे. विश्वेश्वरय्यांनी उत्तरेकडे लाहेजच्या बाजूला शोध घेतला. डोंगरांतील पावसाचे पाणी तेथे कोरड्या नदीच्या वाळूत मुरत होते. त्या पात्रात विहिरी घेऊन पाणी आणावे, असे त्यांनी सुचवले. सक्करचीच वाळू पुन्हा कामी आली.

अनेक ज्येष्ठांना मागे टाकून बढत्या मिळाल्या, तरी मुख्य अभियंत्याची खुर्ची भारतीयाला मिळण्याची चिन्हे नव्हती. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली व ते परदेश प्रवासास निघाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुशी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. सुमारे १५ हजार माणसे दगावल्याचा अंदाज होता. निजाम सरकारचे बोलावणे त्यांना प्रवासातच मिळाले.

हैदराबादेत त्यांनी आधी पावसाचे व तलावांचे हिशेब मांडले. मुशीच्या खोऱ्यातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटले होते. एकाचे पाणी दुसऱ्यावर कोसळत गेले होते. शहराच्या वरच्या अंगाला मुशी व ईसी या नद्यांवर पूर अडवणारे दोन जलाशय बांधावेत, ही त्यांची शिफारस. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. पुरावर उपाय सुचवून ते थांबले नाहीत. शहराचे सांडपाणी मुशीत न सोडता नदीच्या दोन्ही काठांनी मोठ्या नळांतून शहराबाहेरील शेतीकडे न्यावे, अशी मलनिस्सारणाची योजनाही त्यांनी आखली. दरम्यान म्हैसूरचे मुख्य अभियंतापद आणि १९१२ ते १९१८ दिवाणपद झाले. गटारांचे काम रेंगाळले होते; १९२२ मध्ये हैदराबादने सल्ल्यासाठी पुन्हा त्यांनाच बोलावले. दिवाणपद भूषवलेला माणूस साठीनंतर गटारांच्या उतारांचे हिशेब तपासायला परतला, यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले, तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते. पुढच्या एप्रिलमध्ये बंगळूरला त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीला आहे.