टेकडीवरचे गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

आपल्या बॅचमधल्या निम्म्याअधिक लोकांनी पुढे इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटरचा रस्ता धरला. इतिहास हा आपल्यासाठी सनावळ्या पाठ करायचा विषय होता आणि दहावीनंतर तो सुटला, याचा आनंदच झाला. म्हणून स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा मी असा माणूस निवडला, जो पेशाने गणिती होता आणि इतिहास शिकायला वहाणा घालून टेकडीवर गेला. टेकडीही आपलीच, वेताळ टेकडी.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेंचा. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषा आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांचे बरेचसे आयुष्य ज्ञानाच्या शोधात, घरापासून लांब गेले. हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या कामासाठी ते १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला आणि थोरल्या मुलीला बरोबर घेऊन गेले. दामोदरचे शालेय शिक्षण तिथेच झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवून ते भारतात परतले. बनारस आणि अलीगढ इथे शिकवून १९३३ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात आले आणि दहाबारा वर्षे तिथे गणित शिकवत राहिले.

मधल्या काळात, १९३१ मध्ये, नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. माया आणि मीरा या दोन मुली झाल्या. घर पुण्यात, भांडारकर रस्त्यावर. पुढे होमी भाभांनी मुंबईत नुकत्याच सुरू झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांना बोलावले, तरी घर हलले नाही. सकाळी डेक्कन क्वीनने मुंबई, संध्याकाळी त्याच गाडीने परत. एका वेळचे अंतर १९२ किलोमीटर. गाडीतला वेळ वाचनात जाई. हा क्रम सोळा-सतरा वर्षे चालला. हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल तक्रार करताना मला हे आठवते आणि मी जरा गप्प बसते.

त्यांचे गणित आजही आपल्या कामात आहे. १९४३ च्या एका निबंधात त्यांनी मांडलेली कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. सिग्नल आणि प्रतिमांवर काम करणारे ती रोज वापरतात. १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधली अंतरे मोजायचे एक सूत्र दिले. ते कोसंबी फंक्शन या नावाने पीकसंशोधनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून आहे. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर ते इंग्लंड-अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास करायला गेले. तेव्हा भारतात एकही कॉम्प्युटर नव्हता.

मग इतिहास कुठून आला? नाण्यांवरून. संख्याशास्त्राचा खरा उपयोग पाहायला त्यांना एक प्रश्न हवा होता. तक्षशिलेला सापडलेली प्राचीन आहत नाणी त्यांनी तराजूवर तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि त्याचे वजन कमी होते. सरासरी झीज मोजली, तर कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवता येते. पण ती कोणत्या राजांनी पाडली? त्यासाठी जुने ग्रंथ वाचणे आले, म्हणून संस्कृत पक्के केले. ते इतके, की १९४८ मध्ये भर्तृहरीच्या शतकांची संशोधित आवृत्ती त्यांनी काढली. ग्रंथ वाचल्यावर, ते लिहिणारा समाज कसा होता हा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर पुस्तकात पुरेसे मिळेना. तेव्हा ते पायी निघाले.

घरामागच्या टेकडीवर त्यांना अश्मयुगीन माणसाची गारगोटीची बारीक हत्यारे सापडली. पुण्याच्या आसपासच्या गावांत फिरून त्यांनी बोल्हाईसारख्या देवींची ठाणी पाहिली. ही ठाणी आणि त्या हत्यारांच्या जागा जुन्या पायवाटांवर जुळून येतात, हे त्यांनी दाखवून दिले. घराजवळ पालं टाकून राहणाऱ्या फासेपारध्यांशी बोलून त्यांच्या चालीरीती नोंदवल्या. कार्ल्याच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख तिथे जाऊन वाचले. या पायपिटीतून १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक आले. राजांच्या यादीपेक्षा लोक काय पिकवत, कशाने पिकवत, याला त्यात महत्त्व होते. त्यांच्या मार्क्सवादी मांडणीवर वाद झाले, अजून होतात. पण नंतरच्या अभ्यासकांना ते पुस्तक ओलांडून जाता आले नाही.

सगळे गोड नव्हते. स्वभाव तापट, जीभ तिखट. गणितातल्या रीमान गृहीतकाबद्दल त्यांनी केलेला दावा टिकला नाही, त्याने नावाला धक्का बसला. भाभांशीही मतभेद वाढले. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी गेलेला माणूस काय करतो? याच वर्षी लोकदैवतांवरचा त्यांचा निबंधसंग्रह आला आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे पुस्तक. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५८.

धाकटी मुलगी मीरा समाजशास्त्रज्ञ झाल्या. वडिलांचे लेखन त्यांनी संपादित केले आणि आजोबांचे मराठी आत्मचरित्र इंग्रजीत नेले. एका घरातल्या तीन पिढ्यांचे काम असे एकत्र आले.

आपण दिवसभर डेटा बघतो. तो जिथून आला ती जागा क्वचितच बघतो. कोसंबींनी नाणे आधी तोलले आणि ठाणे आधी चालून पाहिले, मग लिहिले. आता आपली मुले इतिहास पाठ करतात. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन टेकडीवर जाऊ या. सर, बाई, तुम्हीही जमेल तिथपर्यंत या. वर पोचल्यावर फोन खिशात ठेवून थोडा वेळ जमिनीकडे पाहू. एखादी धारदार गारगोटी दिसली, तर ती उचलायची नाही, फक्त मुलांना दाखवायची.