सरासरी माणूस शोधणारा खगोलशास्त्रज्ञ

दवाखान्यात वजन आणि उंची मोजली की डॉक्टर एक आकडा सांगतात: बीएमआय. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागले की तो मिळतो. वजन योग्य, जास्त की लठ्ठपणा, हे आज जगभर या आकड्यावरून ठरते. गंमत अशी, की हे सूत्र कुणा डॉक्टरचे नाही. बेल्जियममधल्या एका खगोलशास्त्रज्ञाने ते १८३२ साली मांडले, आणि लठ्ठपणा मोजण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता.

अडॉल्फ केटले यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी घेंट शहरात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील गेले. पोटापाण्यासाठी किशोरवयातच ते शिकवू लागले. कवितेचाही त्यांना नाद होता. पण ओढ गणिताची निघाली. १८१९ मध्ये घेंट विद्यापीठाची गणितातली पहिली डॉक्टरेट त्यांनी मिळवली. ब्रुसेल्समध्ये वेधशाळा उभारायची, हे त्यांचे स्वप्न. त्यासाठीचे शिक्षण घ्यायला १८२३ च्या अखेरीस ते पॅरिसला गेले, आणि तिथे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले.

एकाच ताऱ्याचे वेध दहा जणांनी घेतले तर दहा उत्तरे येतात. बहुतेक उत्तरे मधल्या एका आकड्याभोवती जमतात, दूरची थोडी असतात. त्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा दिसतो. केटलेंनी हा नियम आकाशातून जमिनीवर आणला. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे त्यांनी मांडली, तर तीच घंटा दिसली. मग उंची, वजन, लग्ने, मृत्यू, गुन्हे अशा साऱ्यांची आकडेवारी ते तपासू लागले. फ्रान्समध्ये दरवर्षी जवळपास तेवढेच गुन्हे घडतात, हे पाहून ते चकित झाले. यामागे समाजाची परिस्थिती असणार, ती सुधारली तर गुन्हेही घटतील, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८३५ च्या ग्रंथात त्यांनी ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. असा माणूस प्रत्यक्षात कुठेही नसतो. समाज समजून घेण्यासाठी मानलेला तो एक मध्यबिंदू. बीएमआयचे सूत्रही या शोधातूनच आले: प्रौढांचे वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, एवढेच त्यांना सांगायचे होते.

आकडे कसे फसवतात, हेही त्यांनी पाहिले होते. एक लाख फ्रेंच तरुणांच्या सैन्यभरतीच्या नोंदी तपासताना किमान उंचीच्या जरा खाली अपेक्षेपेक्षा फार जास्त तरुण दिसले. भरती टाळण्यासाठी उंची कमी नोंदवली गेली होती. मोजमापावर माणसाचे नशीब ठरू लागले की मोजमापच बदलते, हा धडा त्यात होता.

१८४६ ची बेल्जियमची जनगणना त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेचे ते अध्यक्ष होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांना गुरुस्थानी मानत. साथी कुठे पसरतात, माता आणि बालके कुठे दगावतात, हे नोंदींतून शोधणारे आम्ही सरकारी डॉक्टर आजही त्यांच्याच वाटेने चालतो. १८५५ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, स्मरणशक्ती मंदावली. तरी काम सुटले नाही. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी ब्रुसेल्समध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची मोजपट्टी मात्र इतरांच्या हाती गेली. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी तीच घंटा घेऊन माणसांची प्रतवारी लावली आणि १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. त्या विचाराने विसाव्या शतकात अनेक देशांत सक्तीच्या नसबंदीपर्यंत मजल मारली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांवर केटलेंचे सूत्र तपासले आणि त्याला बीएमआय हे नाव दिले. त्या अभ्यासात एकही स्त्री नव्हती, एकही भारतीय गट नव्हता.

याचा अर्थ आपल्याला पुण्याने दाखवला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही तुलना छापून आली. पुढे २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी वजन जास्त धरण्याची मर्यादा २५ वरून २३ वर आणली.

आता मोजणारा संगणक आहे. पण जुनी चूक नव्या वेगाने होऊ शकते. अमेरिकेत कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यावी, हे ठरवणारा एक अल्गोरिदम आजाराऐवजी उपचारांवर झालेला खर्च मोजत होता. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत असे. त्यामुळे अधिक आजारी असूनही ते मागे पडत. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघडकीस आणले. तोवर ते गणित असंख्य रुग्णांचा क्रम लावून मोकळे झाले होते.

म्हणून मोबाइलमधले अ‍ॅप, विमा कंपनी किंवा डॉक्टरही तुमच्याविषयी एखादा आकडा सांगतील, तेव्हा विचारा: हे कुणाच्या नोंदींवरून ठरले? नेमके काय मोजले? आणि बीएमआय २२ आला म्हणून निश्चिंत राहू नका. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत गेला असेल किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या. सरासरी माणसाला मधुमेह होत नाही. तो तुम्हा-आम्हाला होतो.