न वाचता आलेले पत्र

नव्वदच्या दशकात मी हरसूलला बँकेच्या शाखेत होतो. बाजाराच्या दिवशी काउंटरपाशी झुंबड उडे. बरेचसे खातेदार अंगठा उठवणारे. एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी पासबुकातून मुलाचे पत्र काढले आणि खाली मान घालून माझ्यापुढे धरले. मी वाचून दाखवले. त्यांनी ते जपून घडी घालून ठेवले. त्यांची ती खाली गेलेली मान पाहून मला वामनदादा कर्डक आठवले.

आपल्याच नाशिक जिल्ह्यातले हे लोककवी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. पोटासाठी मुंबई गाठली आणि मिळेल ते काम केले. तिथे एकाने त्यांच्या हाती पत्र दिले, वाचून दाखवा म्हणाला. धडधाकट तरुण माणूस, पण अक्षर लागेना. ती लाज त्यांना झोंबली. देहलवी नावाच्या मास्तरांकडे ते मुळाक्षरे गिरवू लागले. पुढे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचनाची गोडी लागली.

१९४३ साली एका हिंदी गाण्याच्या चालीवर त्यांनी पहिले गीत रचले आणि मग लेखणी थांबली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार त्यांनी गावोगाव, वस्तीवस्तीत गाऊन पोचवला. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे संग्रह निघाले. पण त्यांची गाणी पुस्तकाआधी लोकांच्या कंठात गेली. वर्ध्याला १९९३ साली भरलेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या शाळा न शिकलेल्या माणसाला मिळाले. १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे एक गाणे चौदा एप्रिलला आजही गल्लोगल्ली वाजते. बाबासाहेबांच्या मताची मोजकी माणसे तरी खरोखर निपजली असती तर काय झाले असते, असा त्याचा आशय. चाल अशी की पाय आपोआप ठेका धरतात. पण नीट ऐकले तर तो जयजयकार नाही. आपल्याच माणसांना, स्वतःलाही वगळून न ठेवता, विचारलेला तो जाब आहे. स्तुतिगीत लिहिणे सोपे होते. टाळ्या देणाऱ्यांनाच आरसा दाखवणे अवघड; ते दादांनी केले आणि लोकांनी तेच गाणे डोक्यावर घेतले.

मला वाटते, त्याचे मूळ त्या पत्रात असावे. आपल्याला वाचता येत नाही, हे ज्याने एकदा मान्य केले, त्यालाच पुढे विचारता येते, की बाबांनो, ज्यांचा फोटो भिंतीवर लावला त्यांना आपण वाचले का?

हरसूलची ती पिढी आता सरली. त्यांची नातवंडे मोबाइलवर मजकूर वाचतात, गाणीही ऐकतात. गाणे सर्वांना पाठ आहे. दादांचा प्रश्न मात्र अजून उत्तराची वाट पाहतो आहे.