युरिएजचे स्फटिक मिळवणारे जेम्स समनर

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स बॅचेलर समनर यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८८७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील कँटन येथे झाला. वयाच्या सतराव्या वर्षी शिकारीत सोबत्याच्या बंदुकीची गोळी लागली आणि त्यांचा डावा हात कोपराखालून कापावा लागला. ते मुळात डावरे होते. लिहिण्यापासून टेनिस खेळण्यापर्यंत सारे त्यांनी उजव्या हाताला नव्याने शिकवले. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राऐवजी कायद्याकडे वळावे, हा हार्वर्डमधील ऑटो फोलिन यांचा सल्ला त्यांनी मानला नाही. १९१४ मध्ये त्याच फोलिन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून ते कॉर्नेल विद्यापीठात रुजू झाले.

सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया विकरांमुळे विलक्षण वेगाने घडतात. विकराच्या खाचेत ठरावीक रेणू बसतो, त्याचे रूपांतर होते आणि विकर पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. मात्र विकर हा नेमका कोणता पदार्थ, याचा उलगडा त्या काळी झालेला नव्हता. जर्मनीतील नोबेलविजेते रिचर्ड विलस्टेटर यांच्या मते विकरे प्रथिने नव्हतीच. त्यांचे मत निराधार नव्हते. त्यांच्या क्रियाशील द्रावणांत प्रथिन आढळत नसे. वस्तुतः ते चाचणीत न सापडण्याइतके अल्प होते.

समनर यांनी १९१७ मध्ये युरियाचे अमोनिया व कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करणारे युरिएज निवडले. शेतात टाकलेला युरियाही मातीतील याच विकरामुळे फुटतो. अबईच्या कुळातील जॅक बीनच्या दाण्यांत ते मुबलक असते. त्या दाण्यांच्या पिठावर समनर नऊ वर्षे प्रयोग करीत राहिले. १९२६ मध्ये त्यांनी पीठ पातळ ॲसिटोनमध्ये कालवून गाळले आणि तो द्रव थंडीत ठेवला. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्यात बारीक स्फटिक दिसले. ते विरघळवताच युरिएजची तीव्र क्रिया आढळली, आणि ते स्फटिक प्रथिनाचे होते.

विलस्टेटर यांच्या अनुयायांनी हा निष्कर्ष नाकारला. प्रथिन केवळ वाहक असावे, असे ते म्हणत राहिले. १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवल्यावर वारे फिरले. १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा समनर यांना, तर उरलेला नॉर्थ्रॉप व वेंडेल स्टॅनली यांना मिळाला.

१२ ऑगस्ट १९५५ रोजी बफेलो येथे कर्करोगाने समनर यांचे निधन झाले. जॅक बीनच्या युरिएजमध्ये निकेल हा धातूही असतो, हे त्यानंतर वीस वर्षांनी उघड झाले.