संत गोरोबाकाका आणि कच्चं मडकं



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, त्याचं हे पुस्तक निघतंय. त्यात एका संताचं चरित्र तुम्ही लिहा, असा मंडळींनी मला हुकूम केला. मी चौथी शिकलेला, औतामागं चालणारा माणूस. कीर्तनाला उभं करा, रात्र काढीन. पण कागद पुढं आला की पेन नांगराहून जड होतं. तरी मी गोरोबाकाका मागून घेतले. त्यांचा माझ्याकडून एक अपराध झालेला आहे, तो शेवटी सांगतो. आधी चरित्र.

गोरोबाकाका तेरचे. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे. फार जुनं गाव. सातवाहन राजांच्या काळात त्याला तगर म्हणत आणि इथला माल पार रोमच्या लोकांपर्यंत जायचा. तिथं जमिनीतून मातीची भांडी, मातीच्या बाहुल्या निघाल्या, त्या गावातल्याच वस्तुसंग्रहालयात मांडून ठेवल्यात. म्हणजे बघा, राजे गेले, त्यांचं सोनंनाणं गेलं, आणि दोन हजार वर्षं मागं राहिलं काय, तर कुंभाराची खापरं. अशा गावात शके 1189 म्हणजे इसवी सन 1267 ला काकांचा जन्म झाला असं मानतात. नामदेवमहाराज 1270 चे, ज्ञानोबामाऊली 1275 ची, मुक्ताई 1279 ची. या मेळ्यात गोरोबा वडीलधारे, म्हणून सगळी संतमंडळी त्यांना काका म्हणत. आजबी तेरला गेलं तर कुणी गोरा कुंभार म्हणत नाही, गोरोबाकाकाच म्हणतात.

काकांचा धंदा मडक्यांचा. आपल्याला मडकं दिसतं, त्यामागची मेहनत दिसत नाही. माती आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची. खडा राहिला तर मडकं तिथंच तडकतं. मग त्यात राख आणि लीद मिसळायची, पाणी घालायचं आणि पायानं तुडवत राहायचं, लोण्यासारखी होईस्तोवर. मग चाक. काठीनं चाकाला गती द्यायची, गोळ्यातून भांडं वर काढायचं, बुडाशी दोरा फिरवून उतरवायचं. जरा सुकलं की एका हातानं आतून दगडी गोळा धरायचा आणि दुसऱ्या हातानं बाहेरून लाकडी थापटण्यानं हळूहळू थापटायचं, तेव्हा कुठं ते पातळ आणि मजबूत होतं. मग पुन्हा वाळवण, आणि सगळ्यांत शेवटी आवा. आवा रचला की कुंभाराचा डोळा आभाळावर. अवेळी सर आली की सगळ्या मेहनतीचा चिखल.

त्यावर एक जुनी गोष्ट आहे. एका बाईला दोन लेकी. एक दिली शेतकऱ्याला, एक दिली कुंभाराला. आई थोरलीच्या घरी गेली तर ती म्हणाली, आई, देवाला सांग पाऊस पाड, नाहीतर पेरणी गेली. धाकटीच्या घरी गेली तर ती म्हणाली, आई, देवाला सांग ऊन पडू दे, नाहीतर आवा गेला. आई बिचारी देवळात गेली आणि हात जोडून म्हणाली, देवा, तुला काय करायचं ते कर, मला आता काय बी सुचत नाही. मी शेतकरी आहे, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते. आपण वारीत पावसासाठी साकडं घालतो, तेव्हा आपल्याच शेजारी चालणारा कुंभारभाऊ मनात काय म्हणत असेल, कुणी विचारलंय का?

आणि कुंभारावाचून तरी कुणाचं चाललंय? संक्रांतीला सुगडं त्याची, नवरात्राचा घट त्याचा, दिवाळीच्या पणत्या त्याच्या, लग्नात बोहल्यापाशी मडक्यांची उतरंड त्याची. आणि शेवटच्या दिवशी लेक पुढं विस्तवाचं मडकं धरून चालतो, ते बी त्याचंच. पण गावानं कुंभाराला लक्षात ठेवलं ते गाढवावरून. म्हणी काढल्या त्या बी गाढवाच्या.

असो. काका हा धंदा करत आणि तोंडानं विठ्ठल विठ्ठल म्हणत. माती तुडवताना पायाचा ताल आणि नामाचा ताल एक व्हायचा. त्यातच त्यांच्यावर तो प्रसंग आला, जो सांगताना कुठल्याबी कीर्तनकाराचा आवाज बसतो. पत्नी संती पाण्याला गेली. लेकराकडं लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. काका चिखलात, डोळे मिटलेले, भान हरपलेलं. लेकरू रांगत रांगत बापाकडं आलं आणि चिखलात तुडवलं गेलं. बापाला कळलंच नाही. संती परत आली, तिनं चिखलाचा लाल रंग बघितला आणि तिनं जो हंबरडा फोडला त्यानं काका जागे झाले.

आईचा बोल ऐकून काका रागानं तिच्या अंगावर धावले, तेव्हा तिनं विठ्ठलाची आण घातली, की मला हात लावायचा नाही. आण विठ्ठलाची, मग काकांनी ती पाळली. वंश कसा चालायचा म्हणून संतीनं आपली धाकटी बहीण रामी त्यांना करून दिली. लग्नात सासऱ्यानं सांगितलं, दोघींना सारखंच वागवा. काकांनी सारखंच वागवलं, म्हणजे दोघींनाबी हात लावला नाही. इथं लोक हसतात आणि हसावंच, कारण सासऱ्याचा शब्द असा अंगावर आला. पण पुढं हसू थांबतं. एका रात्री झोपेत त्या दोघींनी काकांचे हात आपल्या अंगावर घेतले. काका जागे झाले, आण मोडली म्हणून ते हातच त्यांनी तोडून टाकले.

कुंभाराचे हात गेले म्हणजे घर गेलं. तेव्हा म्हणतात, पांडुरंग विठू कुंभार होऊन तेरला राबायला आला. रखुमाई कुंभारीण झाली, आणि गरुड झाला गाढव. मायबाप, इथं जरा थांबा. ज्या गरुडाच्या पाठीवर देव बसतो तो मातीची गोणी वाहायला गाढव झाला. गाव गाढवाला हसतं, आणि देवाच्या वाहनाला त्यात कमीपणा वाटला नाही.

पुढं आषाढीला काका पंढरीला गेले. नामदेवमहाराज कीर्तनाला उभे होते. सगळ्यांनी हात वर करून टाळी वाजवली, काकांनी थोटे वर केले, आणि नाम घेता घेता त्यांना हात फुटले. संतीनं देवाला आळवलं, तर तिचं लेकरू रांगत तिच्याकडं आलं. असा हा सोहळा झाला तो नामदेवांच्या कीर्तनात. हे ध्यानात ठेवा, कारण आता नामदेवांचीच गोष्ट सांगायची आहे.

एकदा संतमंडळी काकांच्या घरी जमली. निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, सोपान, मुक्ताई, नामदेव, सगळी. मुक्ताई वयानं लहान. तिची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली. तिनं विचारलं, काका, हे काय. काका म्हणाले, यानं मडकी थापटून कच्चं कुठलं आणि पक्कं कुठलं ते बघतो. मुक्ताई म्हणाली, आम्ही बी मडकीच की, मग आम्हालाबी बघा. काका उठले आणि ओळीनं एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत चालले. सगळे गप बसले. नामदेवांच्या डोक्यावर थापटणं पडलं तसे ते चिडले, की पाहुण्यांना बोलावून ही कसली रीत. काकांनी निकाल दिला, सगळी मडकी पक्की, हे एकच कच्चं. मंडळी हसली.

नामदेव रडत पंढरीला गेले आणि देवाकडं गाऱ्हाणं केलं. ज्याच्याशी रोज बोलायचं, ज्याला हातानं नैवेद्य भरवायचा, तो देव आपली बाजू घेईल असं त्यांना वाटलं. देव म्हणाला, काका बरोबर बोलले, तुला गुरू नाही, विसोबा खेचरांकडं जा. नामदेव औंढ्या नागनाथाला गेले. बघतात तर विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी पाय काढायला सांगितलं. विसोबा म्हणाले, जिथं पिंड नसेल तिथं तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडं ठेवले तर तिथं पिंड. तिसरीकडं ठेवले, तिथंबी पिंड. तेव्हा नामदेवांना उमगलं, की देव पंढरीतच नाही, सगळीकडं आहे. तेच नामदेव पुढं पार पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. काकांनी ज्याला कच्चं म्हटलं त्या मडक्यानं इतक्या लांब पाणी नेलं.

काकांनी शके 1239 म्हणजे 1317 ला चैत्र वद्य त्रयोदशीला तेरलाच देह ठेवला. त्या तिथीला तिथं यात्रा भरते. त्यांचे अभंग थोडकेच हाती राहिले, पण थापटणं मात्र अजून सगळ्या महाराष्ट्राच्या डोक्यावर वाजतंय.

आता माझा अपराध. तिशीपस्तिशीत मी कीर्तनाला नवा होतो आणि लोक हसले की मला चढायचं. थापटण्याचा प्रसंग मी असा रंगवायचो, की नामदेव डोकं चोळत रडतोय, तोंड वाकडं करतोय. लोक पोट धरून हसायचे. वरून मी गाढवाच्या दोनचार गोष्टी घालायचो, कुंभार कसा आणि त्याचं गाढव कसं.

आपल्या दिंडीत तेव्हा एक म्हातारे कुंभारबाबा चालायचे. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेल. वाटेत एका मुक्कामाला रात्री ते माझ्याजवळ येऊन बसले. मला म्हणाले, महाराज, कच्चं मडकं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे का? मी म्हणालो, बिनकामाचं. ते हसले. म्हणाले, कच्चं मडकं मोडलं तर मी ते पाण्यात टाकतो, त्याची माती होते, पुन्हा चाकावर घेतो. भाजलेलं मडकं फुटलं तर त्याचं खापर होतं, ते कुठल्याच कुंभाराला जोडता येत नाही. काकांनी नामदेवाला शिवी दिली नाही, महाराज, तू अजून घडण्याजोगा आहेस असं सांगितलं.

मग जरा थांबून म्हणाले, आणि ते गाढवाचं. माझा नातू कीर्तनात पुढं बसायचा, आता पार मागं बसतो. तुमचं कीर्तन झालं की दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं त्याला गाढव म्हणून हाक मारतात.

मला त्या रात्री झोप आली नाही. इतकी वर्षं काकांच्या नावानं मी काकांच्याच लेकराबाळांना हसायला लावत होतो. दुसऱ्या दिवशी कीर्तनात मी सगळ्यांसमोर बाबांच्या पाया पडलो आणि त्या पोराला पुढं बोलावून माझ्याजवळ बसवलं. आणि बाबांना म्हणालो, माझं मडकं बघा, कच्चं का पक्कं. बाबांनी बोटाच्या पेरानं माझ्या डोक्यावर टकटक केलं, कान लावला, आणि म्हणाले, महाराज, हे अजून मडकं झालंच नाही. माती चाळायची राहिली आहे, खडे फार दिसतात.

त्या दिवशी मंडप जेवढा हसला तेवढा माझ्या कुठल्याबी गोष्टीला हसला नव्हता. बाबा हसले, पोरगं हसलं, मी बी हसलो. मघाशी सांगितलेली दोन लेकींची गोष्ट त्या बाबांनीच मला दिलेली आहे. ती मी अजून सांगतो. गाढवाच्या गोष्टी तेव्हापासून सोडल्या, एक गरुडाची तेवढी ठेवली.

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणजे दिंडी पक्की झाली असं कुणी समजू नये. कुणी मागं बसत असेल तर का बसतोय ते विचारावं. आपण कच्चे आहोत तोवर काकांच्या हातात आहोत.

माझ्या लिहिण्यात खडे राहिले असतील, ते वेचून टाका आणि माती तेवढी घ्या. रामकृष्ण हरी.